चिंचेनं घासलेली राणी

गोंदियातल्या आमच्या गल्लीत समोरच्या गच्चीवर कोणीतरी मोहफुलं वाळत घातली आहेत. सालेकशाकडचं कुटुंब आहे, भाड्यानं राहायला आलेलं. गाव सोडलं तरी सवय कुठं सुटते! शेजारच्या वहिनी परवा नाकाला पदर लावून म्हणाल्या, "दीदी, ये क्या सड़ रहा है सामने? कुछ बोलिए ना उनको." मी कशाला बोलू? मी तर दिवसभर खिडकी उघडी टाकून बसते. तो गोड, जड, जरासा आंबूस वास घरात शिरला की हातातलं काम हातातच राहतं. बाबांचा शेवटचा चैत पुढ्यात येऊन उभा राहतो.

त्या चैतात डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं होतं. असं सांगतात तेव्हा त्याचा अर्थ काय, हे शिकलेल्याला कळतं आणि न शिकलेल्यालाही कळतं. बाबांनाही कळला. गाडीत बसताना ते एवढंच म्हणाले, "चला, मोह पडून राहिला असंन." मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गावी गेले. आई आधीच वारलेली. घरात बाबांची थोरली बहीण, आमची आत्या. धाकटी बहीण नागपुरात शाळेत शिकवते, ती परीक्षांत अडकलेली. सपरीत, म्हणजे ओसरीवर, बाबांची खाट टाकली. तिथून पुढं अंगण, अंगणापलीकडं तलावाची पाळ, आणि पाळीवर मोहाची झाडं. सकाळी उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन येत. पिवळट, मऊ, ओलसर फुलांचा नुसता सडा. आत्या आमच्या वाट्याची वेचून आणी आणि अंगणात पसरून ठेवी. दुपारपर्यंत ती तांबूस होत, संध्याकाळी मनुकांसारखी सुरकुतत. बाबा खाटेवरून त्यांचं वाळणं बघत राहत.

तलाव आटत चालला होता. तळाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि मधल्या डबक्यावर बगळ्यांची सभा भरायची. त्या उन्हाळ्यात तलावाचं तुडूम नव्यानं बांधायचं ठरलं होतं. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातलं ते दगडी दार, ज्यातून तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना सोडतात. जुनं गळत होतं. त्या जागी सिमेंटचं येणार होतं, पाळीवर एक फलक लागणार होता, आणि फलकावर तलाव बांधणाऱ्याचं नाव येणार होतं. झालं! नावाचं नाव निघालं आणि गावात वाद सुरू झाला. तीन घरं सांगू लागली की तलाव आमच्या पूर्वजानं बांधला. त्यातलं एक घर आमचं.

आम्ही कोहळी. तलाव बांधणं हा आमच्या लोकांचा जुना नाद. दुसरे लोक देवळं बांधतात, आमचे पाणी अडवतात. बाबांच्या आजोबांनी त्यांना सांगितलं होतं की माझ्या बापानं ही पाळ घातली. पाळीचं तोंड बुजवलं त्या दिवशी त्यानं तांब्याचे दोन पैसे आणले, एका छापाचे, एकाच सालचे. एक तुडुमाच्या पायाच्या दगडाखाली ठेवला, दुसरा घरच्या देव्हाऱ्यात. ज्याच्या घरी जोडीचा पैसा, त्याच्या घरचा तलाव. देव्हाऱ्यातला पैसा आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. दगडाखालचा कोणीच पाहिला नव्हता. कसा पाहणार? पाळ फोडल्याशिवाय तो दगड निघत नाही, आणि पाळ फोडणारा माणूस आमच्या गावात जन्माला यायचा आहे.

आता मात्र दगड निघणारच होता. तलाव समितीचा हिरालाल, आमच्यापेक्षा लहान, पण बोलायला सरळ, सपरीत येऊन बसला आणि म्हणाला, "काका, मी कोनाची बाजू घेत नाई. तुमचा पैसा कोनत्या सालचा, कोनत्या छापाचा, ते आधी सांगून ठेवा. दगड उचलला का मंग सगळ्याइसमोर पाहू. जुडला तं तुमचं नाव."

"जुडंन," बाबा म्हणाले.

हिरालाल गेल्यावर ते वर कौलांकडे बघत मला म्हणाले, "बाई, आपलं नाव पुढं चालवाले कोनी नाई. तुमी दोघी आपापल्या घरी. मले त्याचं दुख नाई. पन तलावावर आज्याच्या बापाचं नाव पाहून जावं वाटते." मी तडकले. "दुख नाही म्हणता आणि त्याच दमात बोलूनही दाखवता." बाबा हसले. दुखत असताना हसले की त्यांचा हात पोटावर जाई. मला माझीच जीभ तोडून टाकावीशी वाटली.

देव्हाऱ्यातून पैसा काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. गुळगुळीत! एका बाजूला कोणाचं तरी डोकं असावं असा फुगवटा. दुसऱ्या बाजूला तर काहीच नाही. साल नाही, अक्षर नाही. चकाचक गुलाबी तांबं मात्र असं की तोंड दिसावं.

कसं दिसेल काही? दर दिवाळीला आत्या तो चिंचेच्या कोळानं आणि राखेनं घासत आली. तिच्याआधी आजी घासायची, आजीच्या आधी तिची सासू. पैशाला काळा डाग राहिला तर लक्ष्मी रुसते म्हणून दोन्ही बाजूंनी, कडेनं, अंगठ्याखाली दाबून घासायचा. लहानपणी आम्ही बहिणी त्या कामासाठी भांडलोय. बाजारातला पैसा शेकडो हातांतून फिरून झिजतो. आमचा कधी बाजारात गेलाच नाही, हाताची पूजा खाऊन झिजला. माया करून करून आम्ही त्याचं तोंड पुसून टाकलं होतं.

"काऊन वो, एवढा घासाचा काय?" बाबा आत्यावर ओरडले.

आत्या काही कमी नव्हती. "मंग का मयका ठेवू देवापाशी? तूच तं म्हनत होता, चमकते तं बरं वाटते!"

त्या दिवसापासून बाबांनी फर्मान काढलं की या पैशाला चिंच लावायची नाही, राख लावायची नाही, पाणीसुद्धा नाही. आत्या दुरून गेली तरी ते मूठ मिटून घेत. चिंच घातलेली आमटी वाढली त्या दुपारी आधी पैसा उशीखाली गेला आणि मग जेवणाला हात लागला. मी पोट धरून हसले. घरात मरण बसलेलं असताना माणूस किती हसतो, हे मला तेव्हाच कळलं.

आणि मग आमची दुपार त्या पैशाची झाली. ऊन तिरपं आलं की मी तो सपरीच्या कडेला धरायची, वर-खाली करायची. एका ठरावीक कलावर, क्षणभर, त्या फुगवट्याला नाक फुटायचं. "हे पाहा बाबा, नाक!" मग हनुवटी. मग मागं केसांचा अंबाडा. मग डोक्यावर काहीतरी टोकदार, मुकुटच. तोंड डावीकडं. बाई होती. राणी होती! शाळेत असताना आम्ही कागदाखाली नाणं ठेवून वरून पेन्सिल घासायचो, त्याची आठवण झाली. पातळ कागद आणला. शिसाच्या करड्या सावलीतून आधी नुसता गोल आला. दुसऱ्या, तिसऱ्या कागदावर कडेला उजव्या बाजूला दोन वळणं उमटली, एकाखाली एक. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. ते म्हणाले, "दोन अरध्या जिलब्या होत." मी म्हटलं, "एस आहे बाबा, एस. जोडीनं दोन."

डोळ्यांना थकवा आला की ते डोळे मिटून पैसा अंगठ्याखाली फिरवत. आयुष्यभर नांगर धरलेला तो अंगठा, त्याला काय कळणार असं मला वाटलं होतं. पण हळूहळू त्यांना डोळ्यांपेक्षा अंगठ्यानं जास्त दिसायला लागलं. "हा मुकुट. हे नाक. हा मागं केसाचा अंबाडा." सपरीतून मोहाचा वास, लांबून सालेकशाकडं जाणाऱ्या मालगाडीचा आवाज, आणि बाबा डोळे मिटून कोणत्या तरी परक्या राणीच्या तोंडावरून अंगठा फिरवतायत. सांगायला लाज वाटते, पण त्या दुपारी मी सुखात होते. बाबांबरोबर इतका वेळ मी लग्नाआधीही कधी बसले नव्हते.

पैसा घेऊन मी गोंदियाला आले. बाजारात कापडाचं दुकान असलेले एक शेठ जुनी नाणी जमवतात असं कोणीतरी सांगितलं होतं. शेठनी पैसा हातात घेतला आणि भिंग लावायच्या आधीच कपाळावर हात मारला. "बहनजी, इसको इमली से किसने घिसा? मार डाला बिचारी को!" काय सांगू, चार पिढ्यांनी मिळून? पण माणूस जीव लावून बघत होता. जाडी बघितली, कड बघितली, माझे पेन्सिलचे कागद बघितले. दोन एस बघून खूश झाले. म्हणाले, आधीच्या पैशांवर राणीच्या नावापुढं नुसतं 'क्वीन' असे. ती हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्यावर 'एम्प्रेस' आलं, आणि त्याच्याच शेवटी हे दोन एस. मग मागच्या बाजूवर बराच वेळ भिंग धरून त्यांनी अठराशे ऐंशीच्या घरातलं साल असावं इतकं काढलं. शेवटचा आकडा मात्र गेलेला, तो काही केल्या सापडेना. "इसके बाद बेटा गद्दी पर आया," ते म्हणाले. "उसका मुँह उलटी तरफ़, दाहिने. दाढ़ी है, सिर पर ताज नहीं. उससे मत मिला देना."

घरी येऊन बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. राजाचं तोंड आईच्या उलट्या दिशेला, हे ऐकून ते म्हणाले, "पाह्य बाप्पा! मायकडं पाठच फिरवली का पोट्ट्यानं?" मग हिरालालला बोलावणं गेलं. बाबा खाटेवर उठून बसले आणि कोर्टात सांगावं तसं सांगितलं: राणीचा पैसा, डोक्यावर मुकुट, तोंड डावीकडं, साल अठराशे ऐंशीच्या घरातलं. हिरालालनं ते गावभर केलं. त्या संध्याकाळी बाबा दोन घास जास्त जेवले. माझ्या मनात आलं, कोण जाणे, डॉक्टरही चुकतात.

दगड उचलायच्या दिवशी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पाळीवर नेलं. खुर्चीला दोन्हीकडून चौघं. झाडांखाली फुलं पडली होती, ती चुकवून चला म्हणून बाबा खुर्चीतून सांगत होते. सगळं गाव जमलेलं. मशीन आलं होतं, पण पायाच्या दगडाला मशीन लावायचं नाही, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. पहारी लावून माणसांनीच तो हलवला. दगड कडेला झाला. खाली काळी, गार, ओली माती. एकानं हात घातला, चाचपलं, आणि चिखलात माखलेलं काहीतरी गोल बाहेर काढलं.

पैसा होता! लोक ओरडले. आत्यानं तिथंच पाळीवर डोकं टेकलं. मला हुंदका आला. म्हणजे गोष्ट खरी होती, दगडाखाली पैसा ठेवला होता! हिरालालनं तो कोणालाही न दाखवता आधी बाबांच्या हातावर ठेवला. वडीलधारा माणूस, त्यात आजारी, त्यांचाच मान.

बाबांनी मूठ मिटली. डोळे मिटले. मिटल्या मुठीत अंगठा फिरताना मला दिसत होता. तो थांबला. परत पहिल्यापासून फिरला. लोक वाट बघत होते. मग बाबांनी डोळे उघडले, आत्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "घरी ने. चिंच लावून चांगला घास. देवाचा हाय, असा मयका नोको दाखवू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. महिनाभर ज्या माणसानं पैशाजवळ चिंचेचं बोटूक येऊ दिलं नाही! मी म्हटलं, "बाबा, अहो..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. गावात एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. मातीतून निघालेला पैसा आधी घासायचा, मग देवापुढं ठेवायचा, हीच आमच्याकडची रीत. त्या दोन दुसऱ्या घरांतले म्हातारेसुद्धा म्हणाले, "हो हो, घासूनच आना." आत्यानं जन्माची हौस फेडून घेतली. मातीत राहून त्याच्यावर हिरवं, ठिसूळ कीट चढलं होतं. चिंचेबरोबर ते निघालं, आणि कीटाबरोबर वरचं नक्षीकामही. पैसा परत आला तो गुलाबी, पार झिजलेला, कोरा. आमचा पैसा त्याच्याशेजारी ठेवला. दोन्ही चकचकीत, दोन्हींवर काही नाही.

"जोडच तं होय!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. हिरालाल बाबांजवळ वाकला. "काका, सांगा, काय नाव लिवाचं?"

बाबा म्हणाले, "गावानं बांधला, असं लिवा."

लोक म्हणाले, केवढं मन माणसाचं! आत्या रागावून तोंड फिरवून बसली. मला मात्र घरी येईपर्यंत काही कळेना. संध्याकाळी त्यांना खाटेवर निजवून पाय दाबत होते तेव्हा त्यांनीच सांगितलं. आवाज इतका साधा होता की आधी मला ते दुसरंच काही बोलताहेत असं वाटलं.

"बाई नोहती वो ते. मानूस होता. दाढी होती. मुकुट नाई. अंगठ्याले साफ दिसला."

"चिखल होता बाबा. नीट कळलं नसेल."

"कळलं. तलावाचा पैसा राजाचा, आपला राणीचा. मंग जोड कुठची? आजा खोटा बोलला असंन. गावापुढं त्याले खोटा कायले पाडू? आन खोटं नाव तरी कायले लावू?"

मी पाय दाबत राहिले. मला काही सुचलं नाही. देवाशपथ काही सुचलं नाही. जन्मभर ज्या गोष्टीवर ताठ मानेनं उभा होता, ती गोष्ट त्या माणसाच्या हातून निसटली होती आणि मी त्याच्या पोटऱ्या दाबत बसले होते. नंतर त्यांनी पैशांचा विषय काढला नाही. दुपारी ऊन तिरपं आलं की ते भिंतीकडं तोंड करून निजत. पाऊस येऊन धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायच्या आधीच ते गेले. एक पैसा बहिणीनं नेला, एक मी. तोवर आत्यानं दोन्ही इतक्यांदा घासले होते की त्यातला घरचा कोणता आणि तलावाचा कोणता, ते तिलाही सांगता आलं नाही.

वासानं राहवेना म्हणून या रविवारी गावी जाऊन आले. पाळीवर फलक आहे. त्यावर 'समस्त ग्रामस्थ' असं लिहिलंय. साल नाही. सिमेंटचं तुडूम मजबूत दिसतं. हिरालाल भेटला, आता थोडा पिकलाय. कौतुकानं दाखवत होता, हे दार असं फिरतं, पाणी असं सुटतं. मग म्हणाला, "ताई, तुमच्या घरची रीत आमी मोडली नाई बरं. जुना पैसा निघाला, मंग जागा खाली कसी ठेवाची? दहा रुपयाचं कोरं नानं ठेवलं, त्याच सालचं. जुने लोक सांगत, तुडूम जेव्हा जेव्हा नवा बसवला तेव्हा तेव्हा नवा पैसा टाकाचा."

मी विचारलं, "जेव्हा जेव्हा म्हणजे?"

"दगडाचा असला तरी तुडूम जन्मभर थोडीच पुरते ताई! पाणी खातेच. आमच्या आज्याच्या बापाच्या टायमालेबी एकदा काढून बसवला म्हनतात."

तो पुढं काहीतरी बोलत होता. मला ऐकू येईना. म्हणजे उद्या कोणी हे सिमेंट फोडलं, तर त्याला आमचं दहाचं नाणं सापडेल आणि तो म्हणेल, तलाव हिरालालच्या काळातला. राणीच्या वेळी पाळ घातली गेली असेल, जोडीचा पैसा दगडाखाली गेला असेल. पुढं तुडूम गळलं, कोणीतरी दगड काढून परत बसवला, आणि रीतीप्रमाणे त्या साली चालणारा राजाचा पैसा टाकला. एवढं साधं! बाबांचा आजा खोटा बोलला असेलच, असं काही नव्हतं. जोडीतला पहिला पैसा कोणी काढून नेला, कुठं गेला, देव जाणे. खात्रीनं काहीच सांगता येणार नाही, हेही मला कळतं. पण त्या संध्याकाळी पाय दाबताना एवढं जरी बोलता आलं असतं! बाबा, दगड कधीतरी बदलला असेल. बस, एवढंच वाक्य. ते कुशीवर वळले असते, भिंतीकडं नाही, माझ्याकडं.

मी पाळीवरच खाली बसले आणि रडले. चांगली मोठ्यानं रडले, वय विसरून. हिरालाल घाबरून बाजूला झाला. मोहाखाली फुलं वेचणारी एक म्हातारी टोपली कडेवर घेऊन आली.

"काऊन रडून राहिली वो बाई?"

"बाबांना एक गोष्ट सांगायची राहून गेली."

तिनं टोपली खाली ठेवली. "माह्यीबी राह्यली हाय," ती म्हणाली, आणि माझ्याजवळ बसली.